ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल किती तापतंय? तापमानाचा सेन्सर बसवण्याची पूर्ण पद्धत

पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर गाठायचं म्हणजे जवळजवळ समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरपर्यंतची चढण. गाडीत सात माणसं, टपावर सामान, पुढे सावकाश वळणं घेणारी एसटी आणि वेग पंधरा-वीसचा. अशा वेळी इंजिनाच्या तापमानाचा काटा मधोमध स्थिर असतो. गिअरबॉक्समधलं ऑइल मात्र झपाट्याने तापत असतं आणि ड्रायव्हरला ते सांगणारं डॅशबोर्डवर काहीच नसतं. काही गाड्यांत गिअरबॉक्स तापल्याचा दिवा असतो, पण तो फार उशिरा लागतो. तोवर ऑइलचं बरंचसं आयुष्य जळून गेलेलं असतं.

म्हणून टॉर्क कन्व्हर्टरची गाडी घाटात, ट्रेलर ओढायला किंवा भरगच्च भरून चालवणाऱ्याने गिअरबॉक्सचं तापमान डोळ्यांसमोर ठेवावं, असं माझं ठाम मत आहे. मात्र एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे: मीटरवर दिसणारा आकडा हा गिअरबॉक्सचा नसतो, सेन्सर जिथे बसवलाय त्या जागेचा असतो. एकाच गाडीत, एकाच क्षणी दोन जागी वीस-पंचवीस अंशांचा फरक सहज दिसतो. जागा समजून न घेता बसवलेलं गेज एक तर उगाच घाबरवतं किंवा खोटा धीर देतं.

ही उष्णता येते कुठून

टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे ऑइलमधून जाते. इंजिनाला जोडलेला इम्पेलर ऑइल फेकतो आणि त्या माऱ्याने समोरचा टर्बाइन फिरतो. दोघांच्या वेगात जेवढी तफावत, तेवढी ताकद ऑइल घुसळण्यात जाते आणि तिची उष्णता होते. सपाट रस्त्यावर एका वेगाने जाताना लॉक-अप क्लच दोघांना घट्ट जोडतो, तफावत संपते आणि ऑइल निवतं. चढावर कमी वेगात हा क्लच सुटलेला राहतो, त्यामुळे घाटात तापमान चढतं. त्याच गाडीने नंतर द्रुतगती मार्गावर तासभर कापला तरी ते पुन्हा खाली येतं.

ऑइलचा प्रवासही ध्यानात ठेवा. पंपाकडून ते कन्व्हर्टरमध्ये जातं, तिथून तापून बाहेर पडतं, नळीवाटे रेडिएटरच्या टाकीतल्या किंवा वेगळ्या कूलरमध्ये जातं, निवून परततं, बेअरिंग आणि गिअर यांना वंगण देतं आणि शेवटी खालच्या पॅनमध्ये पडतं. सर्वांत तापलेलं ऑइल कन्व्हर्टरमधून कूलरकडे जाणाऱ्या नळीत असतं. पॅनमध्ये असतं ते सगळं मिसळून झालेलं, सरासरी ऑइल.

या धंद्यात एक जुना ठोकताळा आहे. साधारण ८० अंश सेल्सिअसच्या वर दर ११ अंशांना ऑइलचं आयुष्य निम्मं होत जातं. ११५ च्या आसपास आतल्या भागांवर चिकट थर धरू लागतो, १२५ ओलांडल्यावर रबरी सील कडक व्हायला लागतात आणि १४५ च्या पुढे क्लच प्लेटा घसरू लागतात. ठोकताळा जुन्या मिनरल ऑइलच्या काळातला आहे. आजची सिंथेटिक ऑइलं याहून बरीच सोशिक आहेत, काही नवे गिअरबॉक्स तर मुद्दाम ९० ते १०० च्या घरात चालवले जातात. तरीही उतरणीची दिशा तीच आहे आणि तुमच्या गाडीच्या सीलला ऑइलच्या डब्यावरची जाहिरात वाचता येत नाही.

आधी ठरवा: तुमची गाडी या कामाची आहे का?

आपल्याकडे ‘ऑटोमॅटिक’ या एका नावाखाली चार वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एएमटीमध्ये साधा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि क्लच दाबणारी यंत्रणा असते. तिथे कन्व्हर्टरच नाही, तेव्हा या सेन्सरचा उपयोग नाही. ड्राय क्लचच्या (ऑइलमध्ये न बुडालेल्या) डीसीटीमध्ये, म्हणजे दोन क्लचच्या गिअरबॉक्समध्ये, तापतो तो क्लच, आणि त्याची खबर ऑइलच्या तापमानावरून मिळत नाही. सीव्हीटीला, म्हणजे ठरावीक गिअर नसलेल्या बॉक्सला, ऑइल आणि तापमान दोन्हींचं महत्त्व आहे, पण तिथे भोक पाडण्याच्या फंदात पडू नये. जे वाचता येईल ते संगणकातूनच वाचावं. उरला टॉर्क कन्व्हर्टर. फॉर्च्युनर, इनोव्हा क्रिस्टाची ऑटोमॅटिक आवृत्ती, स्कॉर्पिओ-एन ऑटोमॅटिक ही सगळी त्याच घरातली. पुढचं वर्णन अशाच गाडीसाठी आहे: लांबट बसवलेला सहा गिअरचा बॉक्स, खाली पत्र्याचा पॅन, आणि कूलरकडे जाणाऱ्या-येणाऱ्या दोन नळ्या.

पाना हातात घेण्याआधी ओबीडी तपासा

इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेल्या जवळजवळ प्रत्येक टॉर्क कन्व्हर्टर बॉक्समध्ये तापमानाचा सेन्सर कंपनीनेच आत बसवलेला असतो. गिअर बदलताना किती दाब द्यायचा आणि लॉक-अप कधी लावायचा, हे गाडीचा संगणक त्यावरूनच ठरवतो. आकडा गाडीत आहे, फक्त तो तुम्हाला दाखवलेला नाही.

स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये (गाडीच्या संगणकातली माहिती वाचायच्या जोडणीत) बसणारा ब्लूटूथ रीडर आणि फोनवर ‘टॉर्क’ किंवा ‘कार स्कॅनर’सारखं ॲप एवढ्यावर तो बऱ्याचदा मिळतो. अडचण एकच. इंजिनाचं तापमान, वेग, आरपीएम हे सर्व गाड्यांत एकाच ठरावीक कोडवर मिळतं, गिअरबॉक्सच्या ऑइलचं तसं नाही. तो कोड प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. म्हणून ॲपमध्ये आपल्या कंपनीचं आणि मॉडेलचं प्रोफाइल निवडावं लागतं.

आकडा दिसला म्हणून लगेच विश्वास ठेवू नका. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत सकाळी इंजिन सुरू करण्याआधी वाचा. तो बाहेरच्या हवेइतका, दोन-तीन अंशांच्या फरकाने असायला हवा. मग गाडी चालवा. गिअरबॉक्सचं ऑइल इंजिनाच्या कूलंटपेक्षा सावकाश तापतं, त्यामुळे दोन्ही आकडे हातात हात घालून चढत असतील तर ॲप तुम्हाला कूलंटच दाखवत आहे. आणि आकडा उणे ४० वर खिळून बसला असेल तर गाडीकडून उत्तरच येत नाहीये. या आकड्यांत ४० वजा करायची पद्धत असते, म्हणून रिकाम्या उत्तराचं रूप उणे ४० होतं.

खात्री पटली तर बहुतेकांचं काम इथेच संपतं, आणि संपवावं. वॉरंटीतल्या गाडीसाठी तर मी हाच मार्ग सांगेन, कारण यात काहीही कापलं किंवा छेदलं जात नाही. रीडर मात्र गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर काढून ठेवा, स्वस्त रीडर बॅटरी पीत राहतात.

वेगळा सेन्सर बसवायची कारणं तरीही उरतात. जुनी गाडी आकडा देतच नाही, कन्व्हर्टरमधून निघणाऱ्या ऑइलचं तापमान पाहायचं आहे, जास्तीचा कूलर बसवून त्याचा फरक मोजायचा आहे, किंवा फोनवर अवलंबून न राहता नजरेसमोर कायमचा काटा हवा आहे.

एक काम कधीही करू नका. कंपनीच्या सेन्सरच्या वायरीला छेद देऊन तिथूनच नवं गेज जोडू नका. हा सेन्सर म्हणजे तापमानाप्रमाणे रोध बदलणारा एक घटक असतो. त्याला समांतर दुसरं काही जोडलं की रोध बदलतो, संगणकाला चुकीचं तापमान कळतं आणि तो चुकीच्या दाबाने गिअर बदलू लागतो.

जागा कोणती?

चार पर्याय आहेत, आणि चौघांची उत्तरं वेगवेगळी येतात.

कूलरकडे जाणारी गरम नळी. इथे तापमान क्षणोक्षणी बदलतं. पाय जोरात दाबला की काटा चढतो, लॉक-अप लागला की घसरतो. कन्व्हर्टर किती राबतोय हे याहून लवकर कुठेच कळत नाही. पण चढावर इथे क्षणभर १२० दिसलं तरी पॅनमधलं ऑइल ९५ वर असू शकतं, हे माहीत नसलं तर माणूस घाबरून गाडी थांबवतो. शिवाय गिअरबॉक्समध्ये थर्मोस्टॅट असेल, तर ऑइल पुरेसं तापेपर्यंत या नळीत प्रवाह जवळपास नसतो आणि सुरुवातीची काही किलोमीटर आकडा फसवा असतो.

पॅन. इथला काटा जड असतो, हळू चढतो आणि हळू उतरतो. ऑइलचं आयुष्य ठरवणारं तापमान हेच. कंपन्यांचे सेन्सरही बहुतेक इथेच किंवा इथल्याच ऑइलमध्ये बुडालेल्या व्हॉल्व्ह बॉडीवर (ऑइलचा दाब वाटून गिअर बदलणाऱ्या भागावर) असतात, त्यामुळे सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्यांशी थेट तुलना होते. रोजच्या वापरासाठी मी पॅनच निवडेन.

प्रेशर टेस्ट पोर्ट. बॉक्सच्या अंगावर दाब मोजण्यासाठी ठेवलेलं, बुचाने बंद केलेलं भोक. जनरल मोटर्सच्या ४एल६०-ई सारख्या अमेरिकन बॉक्समध्ये तिथे गेजच्या सेन्सरचेच आटे असल्याने ही जागा फार लोकप्रिय आहे. पण तिथे ऑइल वाहत नाही, साचून असतं, म्हणून आकडा मागे राहतो.

बाहेरून चिकटवलेला सेन्सर. पॅनच्या एखाद्या बोल्टखाली रिंगवाला के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी वायर) धरायचा. न भोक, न गळती. पत्र्याला हवा लागत असल्याने आकडा खऱ्यापेक्षा काही अंश कमी येतो आणि वेगाप्रमाणे बदलतो. पण कल नीट दिसतो. मोठं काम करायचं की नाही हे ठरवण्यासाठी ही उत्तम पहिली पायरी आहे.

हातातली इन्फ्रारेड गन वापरणाऱ्यांसाठी एक सूचना: चकचकीत ॲल्युमिनियमवर ती फार कमी आकडा दाखवते. जिथे मोजायचं तिथे काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा आणि त्यावर नेम धरा.

सामान

गेज आणि सेन्सर एकाच संचातले घ्या. सेन्सरच्या रोधाचा आलेख आणि गेजची मांडणी एकमेकांसाठी बनवलेली असते. जोडी फोडली की दहा-पंधरा अंशांची चूक सहज येते. गेज १५० अंशांपर्यंत दाखवणारं हवं. इंजिन ऑइलच्या तापमानाचं गेज चालतं, पाण्याच्या तापमानाचं १२० लाच संपणारं चालत नाही, कारण नेमका कामाचा भाग त्याच्या पलीकडे असतो. दोन वायरींचा सेन्सर मिळाला तर तोच घ्या, कारण पुढे कळेल.

आट्यांकडे डोळ्यांत तेल घालून पाहा. परदेशी सेन्सर बहुधा १/८ एनपीटी, म्हणजे अमेरिकन पाइपच्या आट्यांचे येतात. आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात ‘एक अष्टमांश’ म्हटलं की हातात बीएसपी, म्हणजे ब्रिटिश पाइपचे आटे पडतात. एनपीटीला इंचात २७ आटे आणि बाहेरचा व्यास साधारण १०.३ मिलिमीटर, बीएसपीला २८ आटे आणि व्यास ९.७. त्यात भर म्हणून एम१० बाय १ हे मेट्रिक आटेही दिसायला तसेच. चुकीची जोडी दोन-तीन आटे आरामात फिरते, मग आवळते, आणि बसली असं वाटतं. गरम ऑइलचा दाब आला की तिथून पाझर सुरू होतो. आटे मोजायची पात्यांची गेज प्रत्येक टर्नरकडे असते, खरेदीआधी तिथे जाऊन खात्री करा.

बाकीचं सामान: दोन किंवा तीन ॲम्पिअरचा फ्यूज आणि फ्यूज टॅप, एक चौरस मिलिमीटरची वायर, नालीदार प्लास्टिक कव्हर, हीट श्रिंक, झिप टाय, आटे बंद करायचं ऑइल सोसणारं द्रव सीलंट, आणि गाडीला सांगितलेल्या दर्जाचं गिअरबॉक्स ऑइल. टेफ्लॉन टेप नको. तिचा एखादा तंतू सुटून व्हॉल्व्ह बॉडीत गेला तर बारीक छिद्रं आणि सोलेनॉइड अडतात.

बसवण्याआधी सेन्सरची परीक्षा

हे टेबलावरच करून घ्या, कारण गाडीखाली गेल्यावर कोणी सेन्सर बाहेर काढत नाही. गेजला १२ व्होल्ट द्या. सेन्सर एकवायरी असेल तर त्याच्या पितळी अंगाला वायर गुंडाळून बॅटरीच्या निगेटिव्हला जोडा. टोक पाण्यात बुडवा, वरचं टर्मिनल कोरडं ठेवा आणि पाणी उकळा. मुंबईत १०० दिसायला हवं. पुण्यात पाणी साधारण ९८ ला उकळतं आणि महाबळेश्वरात साडेपंच्याण्णवच्या आसपास, तेव्हा पुण्यात गेजने ९८ दाखवलं तर ते बरोबरच आहे. मग आच बंद करून साध्या थर्मामीटरसोबत ६० ला एकदा ताडून पाहा. तीन-चार अंशांचा फरक चालतो. गेजच्या पाठीवर पट्टी चिकटवून तो लिहून ठेवा.

याच वेळी अजून एक गोष्ट बघून घ्या. वायर सोडवली तर काटा कुठे जातो, आणि अर्थला टेकवली तर कुठे? गरम झाल्यावर रोध कमी होणाऱ्या सेन्सरमध्ये तुटलेली वायर ‘थंड’ दाखवते आणि शॉर्ट झालेली ‘फार गरम’. घाटात काटा तळाला गेला तर आनंद मानू नका, वायर तपासा.

पद्धत पहिली: गरम नळीत

सपाट, पक्क्या जागेवर गाडी उभी करा, चाकांना अटकाव लावा, उचलायची असेल तर स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका. ऑइल पूर्ण निवू द्या.

पहिलं काम गरम नळी ओळखणं. दोन्ही नळ्यांवर काळ्या टेपचे तुकडे लावा, वीस-पंचवीस मिनिटं गाडी चालवून आणा आणि इंजिन चालू असतानाच इन्फ्रारेड गनने दोन्ही मोजा. जास्त तापलेली ती कूलरकडे जाणारी. अंदाजाने ठरवू नका. परतीच्या नळीत सेन्सर बसला तर तो रेडिएटरची कामगिरी सांगेल, कन्व्हर्टरची नाही. गन हातात असताना दोन्ही आकडे लिहून ठेवा, पुढे उपयोगी पडतात.

बहुतेक गाड्यांत धातूची नळी रेडिएटरजवळ येऊन शेवटचा थोडा भाग रबरी होजचा असतो. ॲडॉप्टर त्या रबरी भागात बसतो. धातूची नळी कापू नका. कापल्यावर तिच्या टोकाला होज धरून ठेवणारा फुगीर कडा राहत नाही आणि दाबाखाली होज निसटू शकतो. निसटला तर ऑइल काही क्षणांत रस्त्यावर, आणि नशीब वाईट असलं तर तापलेल्या एक्झॉस्टवर. याच कारणाने होजही गिअरबॉक्स कूलरसाठी बनवलेलाच हवा, त्यावर ‘एसएई जे१५३२’ छापलेलं असतं. पाण्याचा किंवा डिझेलचा होज इथे काही महिन्यांत फुगतो.

ॲडॉप्टर म्हणजे दोन्ही बाजूंना होज बसवायची टोकं आणि मधे सेन्सरचे आटे असलेला तुकडा. त्याचं आतलं भोक नळीच्या भोकापेक्षा लहान नसावं. बाजारातला पितळी टी (टी आकाराचा जोड) वापरणार असाल तर सेन्सर फांदीत खोल बसून टोक साचलेल्या ऑइलमध्ये राहत नाही ना, हे आधी पाहा. टोक वाहत्या प्रवाहात यायला हवं, पण प्रवाह अडवायला नको.

होज सोडण्याआधी खाली मापाच्या खुणा असलेली स्वच्छ बाटली धरा. जेवढं ऑइल सांडेल तेवढंच परत भरायचं आहे, त्यामुळे हे माप सोन्यासारखं आहे. होजची कडा स्वच्छ, काटकोनात कापा, ॲडॉप्टर बसवा, क्लिप फुगीर कड्याच्या मागे येईल अशी सरकवा. दात्यांच्या खाचा असलेल्या क्लिपांपेक्षा सगळीकडून सारखा दाब देणाऱ्या, फ्यूएल इंजेक्शनच्या प्रकारच्या क्लिपा घ्या. सेन्सरच्या आट्यांना, पहिला आटा सोडून, थोडं सीलंट लावा. हाताने बसवून मग पान्याने एक-दीड फेरा पुरे. एनपीटीचे आटे निमुळते असतात, जोर केला तर ॲल्युमिनियमचा ॲडॉप्टर तडकतो.

आता ती दोन वायरींची गोष्ट. एकवायरी सेन्सरला परतीची वाट म्हणून त्याचं धातूचं अंग गाडीच्या बॉडीला जोडलेलं असावं लागतं. इथे ॲडॉप्टर दोन्ही बाजूंनी रबरात लटकतो आहे. बॉडीशी त्याचा संबंधच नाही. म्हणून ॲडॉप्टरवर स्क्रू किंवा क्लॅम्पने वेगळी अर्थ वायर लावून ती चेसिसवर रंग खरवडलेल्या जागी घट्ट करा. काटा मेल्यासारखा पडून असल्याच्या तक्रारींत हे कारण फार वेळा निघतं. ॲडॉप्टरचं वजन होजवर न टांगता एका ब्रॅकेटला क्लॅम्पने बांधा.

पद्धत दुसरी: पॅनमध्ये

ऑइल बदलायची वेळ आली असेल तेव्हाच हे करा, म्हणजे नवं ऑइल, फिल्टर आणि गॅस्केट एकाच खर्चात बसतं. पॅन आहे त्याच जागी ठेवून भोक पाडायचा विचारही नको. पॅन काढूनच काम करायचं.

सेन्सर ज्यात बसतो त्या आटे पाडलेल्या तुकड्यासाठी, म्हणजे बुशसाठी, जागा शोधताना तीन गोष्टी सांभाळा: ऑइलच्या पातळीच्या खाली, दगड लागणार नाही अशा बाजूच्या भिंतीवर, आणि आत फिल्टर किंवा व्हॉल्व्ह बॉडीला सेन्सर टेकणार नाही अशी. आतली मोकळी जागा डोळ्यांनी कळत नाही. पॅनच्या आतून त्या जागी मुलांच्या खेळण्यातल्या मऊ मातीचा, सेन्सरपेक्षा थोडा लांब सुळका चिकटवा, पॅन जुन्या गॅस्केटसह दोन-चार बोल्टांवर बसवा, काढा. माती जिथे दबली तिथे अडचण आहे. माती नंतर पूर्ण पुसा.

पोलादी बुश टर्नरकडून करून घ्या आणि चांगल्या हाताकडून टिग वेल्डिंगने बसवा. उष्णतेने पॅनची कड वाकते, तेव्हा वेल्डिंगनंतर ती सपाट काचेवर ठेवून पाहा. गळतीची परीक्षा जुन्या वर्कशॉपची: वेल्डिंगवर बाहेरून खडू घासून पांढरा थर द्या, आतून रॉकेल ओता आणि तासभर ठेवा. केसाएवढी फट असली तरी खडूवर ओला डाग उमटतो. मग पॅन आतून-बाहेरून धुवा, चुंबकं पुसून जागेवर लावा. धातूचा एक कीसही आत राहता कामा नये.

पॅन बसवताना बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच, मधून कडेकडे, दोन टप्प्यांत आवळा. हे बोल्ट नाजूक असतात. ॲल्युमिनियमचा ओतीव पॅन असेल तर वेल्डिंग न करता जाड भागात भोक पाडून थेट आटे पाडता येतात.

वायरिंग

सेन्सरची वायर एक्झॉस्ट आणि प्रोपेलर शाफ्टपासून लांबून न्या आणि कव्हरमध्ये घालून दर वीतभर अंतरावर बांधा. केबिनमध्ये शिरायला नवं भोक न पाडता आधीचाच रबरी ग्रोमेट वापरा. गेजला वीज इग्निशन चालू असतानाच मिळणाऱ्या फ्यूजवरून घ्या. एअरबॅग, एबीएस किंवा इंजिन संगणकाच्या फ्यूजला हात लावू नका. वायपर किंवा चार्जिंग सॉकेटचा फ्यूज बरा. दिव्याची वायर पार्किंग लाइटला जोडली की रात्री गेज आपोआप उजळतं. गेज अशा जागी लावा की मान न वळवता दिसेल आणि एअरबॅगच्या वाटेत येणार नाही.

ऑइल भरणं आणि पातळी

बाटलीत जमलेलं ऑइल मोजून तेवढंच, त्याच दर्जाचं भरा. टोयोटाला डब्ल्यूएस (त्या कंपनीच्या गिअरबॉक्स ऑइलचा दर्जा) सांगितलं असेल तर डब्ल्यूएसच. लाल दिसतं म्हणून डेक्सरॉन (जनरल मोटर्सच्या दर्जाचं ऑइल) घालू नका, दोघांचा दाटपणा वेगळा आहे.

आजच्या अनेक बॉक्सना डिपस्टिक नसते. इंजिन चालू ठेवून, ठरलेल्या तापमानाला, ओव्हरफ्लोचं बूच उघडून पातळी बघतात. टोयोटाच्या अनेक बॉक्समध्ये ही खिडकी ३५ ते ४५ अंशांच्या आसपास असते, तुमच्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमध्ये पाहा. ऑइल तापलं की फुगतं, म्हणून ७० ला तपासलेली पातळी बरोबर वाटली तरी ऑइल प्रत्यक्षात कमी भरलेलं असतं. हे तापमान पॅनमधल्या ऑइलचं आहे. नळीत बसवलेल्या गेजवर ते वाचू नका, ओबीडीवर वाचा.

मग ब्रेक दाबून पी, आर, एन, डी असा लिव्हर सावकाश फिरवा, प्रत्येक ठिकाणी काही सेकंद थांबा. खाली टॉर्च घेऊन दुसरा माणूस सांध्यांकडे बघत असू दे. अर्धा तास चालवून पुन्हा बघा. गाडी निवल्यावर क्लिपा एकदा तपासा, रबर तापून-निवून थोडं बसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखाली पुठ्ठा टाकलेला असेल तर एखादा थेंबही लपत नाही.

आकड्याशी ओळख

पहिले काही आठवडे फक्त बघा. सपाट हायवेवर एका वेगाने, शहराच्या गर्दीत, आणि नेहमीच्या घाटात, तिन्ही ठिकाणी काटा कुठे स्थिरावतो ते लिहा, सोबत बाहेरचं तापमान आणि गाडीत किती माणसं होती तेही. तुमच्या गाडीचं नेहमीचं तापमान हेच खरं मोजमाप. मे महिन्यात नागपुरात उभी गाडी आणि डिसेंबरात नाशकात उभी गाडी यांचे आकडे सारखे येणार नाहीत.

पॅनमधल्या आकड्यासाठी मी असं धरतो: ७५ ते ९५ निवांत. १०५ पर्यंत चढावर ठीक. ११० ला वागणं बदलायचं. १२० ला सुरक्षित जागा पाहून थांबायचं. १३० च्या पुढे बराच वेळ गेलं असेल तर सर्व्हिसच्या तारखेची वाट न बघता ऑइल बदलायचं. सेन्सर गरम नळीत असेल तर यात वीसेक अंश मिळवा, आणि क्षणभराच्या उडीपेक्षा मिनिटभर टिकणाऱ्या आकड्याकडे लक्ष द्या.

वागणं बदलायचं म्हणजे काय? लिव्हर मॅन्युअल किंवा एस मोडला घेऊन दुसरा-तिसरा गिअर धरा. आरपीएम वाढतात, कन्व्हर्टरमधली तफावत घटते, लॉक-अप लागायची शक्यता वाढते, शिवाय पंप आणि पंखा दोन्ही जोरात फिरतात. इंजिनाचा आवाज वाढतो म्हणून लोक हे टाळतात, पण गिअरबॉक्सला तेच सोयीचं आहे. पुढच्या गाडीला चिकटून थांबत-सरकत जाण्यापेक्षा अंतर सोडून एका लयीत चढा. आणि चढावर ॲक्सिलरेटरने गाडी धरून ठेवू नका, ब्रेक दाबा. उभी गाडी ॲक्सिलरेटरवर तोललेली असते तेव्हा कन्व्हर्टरमध्ये जाणारी सगळीच ताकद उष्णता होत असते.

थांबावं लागलं तर इंजिन लगेच बंद करू नका. पी मध्ये ठेवा, हँडब्रेक लावा आणि आरपीएम हजार-बाराशेवर धरा. पंप चालू असेल तरच ऑइल कूलरमधून फिरतं. गाडी उभी, भार शून्य, त्यामुळे काटा काही मिनिटांत उतरू लागतो.

नेहमीच्याच ओझ्याला, नेहमीच्याच घाटात आकडा महिन्यागणिक वर सरकत असेल तर आधी ऑइलची पातळी, मग रेडिएटरच्या पुढची धूळ-माती, मग लॉक-अप लागतोय की नाही हे या क्रमाने तपासा. सगळं ठीक असूनही वरचेवर ११० ओलांडत असेल तर रेडिएटरच्या पुढे प्लेटांचा जास्तीचा कूलर, परतीच्या वाटेवर, रेडिएटरनंतर जोडून घ्या. आधी दोन्ही नळ्यांचे जे आकडे लिहून ठेवले होते, ते कूलर बसवल्यावर त्याच रस्त्यावर पुन्हा घ्या. दहा अंशांचाही फरक पडला नाही, तर कूलरला हवा मिळत नाहीये. तो ग्रिलमागे सरकवून बसवावा लागेल.